मिटल्या डोळ्यांची परीक्षा

नजर वर्षभरात मंदावत जाणार, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, तेव्हा आत्याने रडारड न करता नवा लॅपटॉप घ्यायचे ठरवले. आयुष्यभर तिने भाषांतरे करून घर चालवले होते. ते काम हातचे जाऊ द्यायला ती तयार नव्हती.

दुकानात भाचीने विंडोज, मॅक आणि लिनक्स असलेले तीन लॅपटॉप मांडले आणि एकेकाचे गुण ती सांगू लागली.

“पुरे! मुलगी दाखवतेयस का? मजकूर वाचून दाखवणारा आवाज तिन्हींवर सुरू कर, क्रम बदल आणि हात मागे बांधून उभी राहा.”

आत्याने डोळे मिटले. एक वाक्य लिहायचे, जतन करायचे, सगळे बंद करायचे आणि मदतीवाचून ते पुन्हा शोधायचे, एवढीच तिची कसोटी होती. पहिल्यावर ती मध्येच अडकली. दुसऱ्यावर लिहिलेले वाक्य सापडेना.

“आत्या, जरा उजवीकडे...”

“गप्प! पुढच्या वर्षी तू बसणार आहेस का माझ्या उजवीकडे?”

तिसऱ्यावरही ती दोनदा चुकली. मात्र आपण नेमके कुठे आहोत हे तो आवाज तिला दर वेळी सांगत राहिला. अखेर तिचेच वाक्य तिच्या कानी आले: “मजकूर सोमवारी पाठवते.”

“हाच घ्यायचा.”

“अगं, पण हा सगळ्यांत ओबडधोबड दिसतो!”

“दिसू दे की. मला कुठे दिसणार आहे?” आत्या मनापासून हसली.

भाचीचे डोळे भरून आले. ते पुसायलाही तिने मागे बांधलेले हात सोडले नाहीत.