हारासाठी राखलेले सेल

लग्नाचे फोटो काढणाऱ्याचा सगळा जीव कॅमेऱ्यात असतो, असं लोकांना वाटतं. माझा तरी फ्लॅशच्या चार सेलांत असतो. चार्जिंगचे सेल आमच्या घरी बियाण्यासारखे जपले जातात आणि ते खातं बायकोकडे आहे. भरलेल्या चारांना ती रबर लावते, उतरलेले पिशवीत मोकळे टाकते. लग्नात मी हात पुढे केला की आधी विचारते, "कुणासाठी?" नवरा-नवरीसाठी म्हटलं तर चांगला संच मिळतो. सत्कारासाठी म्हटलं तर जुना, लवकर धापा टाकणारा.

तिचा राग मला समजतो. जुन्नर-आंबेगावाकडच्या लग्नांत मंगलाष्टकांच्या आधी सत्कार असतात. निवेदक माइकवरून नाव पुकारतो, नावापेक्षा लांब पद पुकारतो, मग फेटा, शाल आणि नारळ. नारळ देणारा आणि घेणारा, दोघंही तो घट्ट धरून माझ्याकडे बघतात. फ्लॅश पडेपर्यंत कुणी सोडत नाही. सेल उतरत आले की फ्लॅश पुन्हा भरायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ दोन कर्ती माणसं एका नारळाला लोंबकळून हसत उभी असतात. आळे गावातल्या एका लग्नात मी फ्लॅश बंद ठेवून फोटो घेतला. उन्हाचा उजेड भरपूर होता, फोटोही झकास आला. पण पाहुण्यांनी नारळ सोडला नाही. "उजेड नाय पडला, राव," म्हणाले. मी तो पाडला. तेव्हापासून मी या विषयावर लोकशिक्षण करत नाही.

डिंभ्याच्या लग्नात आम्ही पोचलो तेव्हा नवरीची आई दारातच उभी होती.

"फोटूवाले भाऊ तुमीच ना? मंग ऐका. लगीन लागताना मी मांडवात नसणार."

मुलीच्या आईनं लग्न लागताना बघायचं नाही, मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत थांबायचं, असा रिवाज आहे. तो कुणी पाडला ठाऊक नाही. कुणा मुलीच्या आईनं पाडला नसावा.

"थोरलीचं लगीन मला मंग मोबाईलात दावलं," ती सांगू लागली. "निस्ती फेट्यांची शेपटं! पोरीचं त्वांड काय दिसलं न्हाई. हिचं तरी मला बघायचंय. हार घालतानाचा येक फोटू नीट काढा. बाकीचे नाय आले तरी चालत्यात."

"बाकीचेही काढावे लागतात, मावशी."

"त्यांचं काय, त्ये रोजच फोटूत असत्यात."

बायकोनं हे ऐकलं आणि एक भरलेला संच पर्समध्ये टाकून पर्स काखेत दाबली.

मुहूर्त गोरज होता. अंधारून आलं होतं, आणि मांडवातले रंगीत दिवे नवरीला घटकेत जांभळी, घटकेत हिरवी करत होते. फ्लॅशशिवाय इलाज नव्हता. सत्कारांनी बाकीचे सगळे संच खाल्ले. वाण्याकडे घड्याळाचे तरी सेल मिळाले असते, पण वाणी फेटा बांधून स्टेजवर बसला होता. अखेर मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा बायकोनं पर्स उघडली. मी राखीव संच फ्लॅशमध्ये घातला.

तेवढ्यात एक माजी सभापती आले, सोबत त्यांची माणसं. दोन मंगलाष्टकांच्या मधल्या फटीत निवेदकानं सत्कार घुसवला. भटजी थांबले. मी नवरीच्या चुलत्याला म्हणालो, "सेल संपतील हो. हाराचा फोटो जाईल."

"आवो, मान्साचा मान हाय! हाना की फोटू!" म्हणत त्यानं खांदे धरून मला स्टेजकडे वळवलं.

सभापतींनी नारळ धरला. त्यांच्या माणसांनीही, एकेकानं.

मग शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, बँड वाजला, हार वर गेले. मी बटण दाबलं. फ्लॅश पडलाच नाही. फोटोत हिरवट काळोख आला, आणि एक हार, जो कुणाच्याही गळ्यात असू शकला असता.

आम्ही दोघं मागच्या अंगणात गेलो. नवरीची आई तांब्या घेऊन उभी होती.

"आला फोटू?"

मी सौम्यसं वाक्य जुळवत होतो. बायको म्हणाली, "नाही आला, मावशी. सेल संपले."

तिनं उरलेलं पाणी तुळशीला ओतलं. मग विचारलं, "लगीन लागलं ना पर?"

"लागलं."

"मंग आता मला कुनाची आडकाठी?"

आणि रिकामा तांब्या घेऊन ती थेट मांडवात शिरली. स्टेजवर सभापतींचं आशीर्वादाचं भाषण सुरू होणार होतं. "पावणं, जेवाया बसा, पंगत खोळांबलीय," तिनं त्यांना सांगितलं, आणि ते खरंच उतरले. मग पोरीकडे वळून म्हणाली, "काढा ते हार. पुन्यांदा घाला."

"अहो, विधी एकदाच असतो," भटजी म्हणाले.

"तुमचा झाला की. ह्यो माझा."

बायकोनं सेल काढले, तळव्यांत चोळले, पुन्हा बसवले. थोडी विश्रांती मिळाली की उतरलेले सेलही कधी कधी एखादा उजेड देतात. अख्खा मांडव फ्लॅश भरला की लागणाऱ्या तांबड्या दिव्याकडे बघत उभा राहिला. नवरा-नवरी हार वर धरून थांबले. नवरीला हसू आवरेना.

"लागला!" बायको ओरडली. मी बटण दाबलं. उजेड पडला.

अल्बम द्यायला डिंभ्याला गेलो तेव्हा नवरीच्या आईनं बाकीची पानं भराभर उलटली आणि त्या फोटोवर थांबली. नवरी हसते आहे, हार नवऱ्याच्या गळ्याशी आहे, आणि हातभरावर तांब्या पोटाशी धरून ती स्वतः उभी आहे. कॅमेऱ्याकडे न बघणारी त्या दिवसाच्या फोटोंतली ती एकटीच.

"मी कुठं आले गं बया मधीच," ती म्हणाली. "फोटू नासला की तुमचा."

"तुम्हाला कापून देऊ का?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, आणि पान न उलटता चहा टाकायला सुनेला हाक मारली.