लाल पट्टीचा खल

तुमच्या अंगातून घाण येते, असं तुम्हाला कधी कुणी आलेख दाखवून सांगितलंय का?

मला सांगितलंय. भर मीटिंगमध्ये. पडद्यावर माझ्याच मोजणीचा आलेख होता, हातात चहाचे कप होते आणि समोर सर होते. सर म्हणजे माझे पीएचडीचे मार्गदर्शक. मुलुंडला राहतात, आवाज कधी चढवत नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही.

"गोवंडीला राहतेस ना तू? कचऱ्याच्या डंपिंगच्या बाजूला?"

"हो सर."

"मग प्रश्नच मिटला. ती धूळ तुझ्याबरोबर येते. कपड्यांत, केसांत, नखांत. रागावू नकोस गं, हा हायजीनचा प्रश्न आहे."

कुणीतरी हसलं. मी कप खाली ठेवला आणि माझी नखं बघितली. सगळ्यांसमोर, स्वतःची नखं. स्वच्छ होती. तरी मी हात टेबलाखाली घेतले.

हे प्रकरण काय होतं, ते सांगते. आमच्या लॅबमध्ये अतिवाहक बनतात. ठरावीक तापमानाखाली ज्यांतून वीज जराही अडथळा न होता वाहते, असे पदार्थ. माझा पदार्थ तांबं आणि ऑक्सिजनच्या थरांचा, मध्ये लँथॅनम. नुसता, काही न मिसळता बनवला, तर त्यातून वीज वाहत नाही. तांब्याच्या प्रत्येक अणूचा चुंबक शेजाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून गोठलेला असतो. प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या जागी जखडलेला. मग आम्ही लँथॅनमच्या काही अणूंच्या जागी स्ट्रॉन्शियम घालतो. याला डोपिंग म्हणतात. त्याने थरांतले काही इलेक्ट्रॉन कमी होतात, रिकाम्या जागा होतात, त्या फिरू लागतात आणि चुंबकांची ती गोठलेली रांग मोडते. चुंबकत्व मात्र मरत नाही. ते थरथरत राहतं. या थरथरीतूनच इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळतात आणि वीज मोकळी होते, असं आमच्यातले बरेच जण मानतात. शेवटचा शब्द अजून कुणाकडेच नाही. तो शोधणाऱ्यांत मीही होते. मला तिथेच राहायचं होतं. बाकी काही नको होतं.

सरांचा एक आवडता विनोद होता. पाहुणे आले की हमखास व्हायचा. "डोपिंग बेताचं असावं. जास्त झालं की अतिवाहकता जाते. आमच्या संस्थेत जरा जास्तच झालंय." मग एक नजर माझ्याकडे. पाहुणेही बघायचे. पहिल्या वर्षी मी पण हसले होते.

तांब्याला जात नसते. ती उपमा त्यांनी आणली, मी नाही.

तर घोटणं. पांढऱ्या, काळ्या भुकट्या अगेट दगडाच्या खलात तासन्‌तास घोटायच्या. मनगट भरून येतं. मग दाबून वडी करायची, भट्टीत भाजायची, पुन्हा फोडायची, पुन्हा घोटायची. नियम एकच: प्रत्येक पदार्थाचा खल वेगळा. झिंकवाला, म्हणजे जस्ताचा, खल तर कधीच दुसऱ्याला लावायचा नाही. तांब्याच्या जागी थोडा जरी झिंक गेला, तरी अतिवाहकता ढासळते. झिंकला स्वतःचं चुंबकत्व नाही, पण भोवतालच्या तांब्याची घडी तो विस्कटतो. म्हणून खलांवर स्टिकर असतात. पदार्थाचं नाव लिहिलेले.

त्या वर्षी खंडेनवमीला लॅबमध्ये यंत्रांची पूजा झाली. दरवर्षी होते. पंपाला हार, भट्टीला हळदकुंकू. त्या खेपेला चिन्मयने, म्हणजे आमच्या सीनियरने, खलही पूजेला मांडले. स्टिकर काढून, धुऊन, लाल कापडावर एका रांगेत. प्रत्येकात कुंकवाचं बोट. दसऱ्यानंतर मी कपाट उघडलं, तर सगळे खल एकसारखे. कोणता कुठला, काही कळेना.

"चिन्मय, माझा कुठला रे?"

"हा घे ना. क्लीनवाला."

त्यातच मी घोटलं. वडी भाजली, मोजली. अतिवाहकता यायला हवी त्या तापमानाला आलीच नाही. बरीच खाली आली, तीही अर्धवट. तोच आलेख पडद्यावर होता.

मी म्हणाले, "सर, पूजेत खल मिसळलेत. झिंकवाला माझ्याकडे आला असेल. वडी तपासून घेऊया, मशीन शेजारच्याच खोलीत आहे."

"पूजेला मध्ये आणू नकोस," सर म्हणाले. "आणि मशीनचा वेळ असल्या गोष्टींवर घालवायचा नाही."

चिन्मय कपात बघत होता. त्याला कुणी काही विचारलं नाही.

झिंकनेच झालं, असं मी आजही शपथेवर सांगणार नाही. कुंकवात काय असतं तेही मला माहीत नाही. पण झिंकला कुणी विचारलं नाही, कुंकवाला विचारलं नाही. विचारलं ते गोवंडीला.

मीटिंग संपता संपता निकाल लागला. माझा खल वेगळा, कपाटातला कोरा. बत्ता वेगळा. चमचा वेगळा. चिन्मयने त्यावर लाल चिकटपट्टी गुंडाळली. पदार्थाचं नाव लिहिलं नाही. काहीच लिहिलं नाही. नुसती लाल पट्टी.

"पर्सनली घेऊ नको ना यार," तो म्हणाला. "तुझ्याच फायद्याचं आहे."

आणि ऐका, फायदा झाला. त्या खलाला दुसरं कुणी हातच लावत नव्हतं, त्यामुळे त्यात दुसरं काही जातच नव्हतं. माझ्या वड्या झकास निघाल्या. अतिवाहक होण्याचं संक्रमण इतकं तीव्र की सर आलेख घेऊन शेजारच्या विभागात दाखवून आले. परत येऊन म्हणाले, "बघ, शिस्त लागली की कसं होतं." मला चीड यायला हवी होती. मला बरं वाटलं. अपमान असाही असतो. त्यात तुमची कामं होतात.

घरी आई शाळेचे गणवेश शिवते. मशीनवर मान खाली, पाय चालू. चांगल्या आलेखाची गोष्ट तिला सांगता सांगता खलाचं बोलून गेले. तिचा पाय थांबला.

"म्हणजे तुझं भांडं वेगळं?"

"भांडं नाही गं आई. खल."

"त्याला हात कोण लावतं?"

"मी."

"तूच?"

मी गणवेशांची चळत सरळ करू लागले.

"तुझी आजी गावात वेगळ्या कपातला चहा प्यायची नाही," आई म्हणाली. "तहानलेली परत यायची. आणि तू त्याच्यात पीएचडी करतेस?"

मशीन पुन्हा सुरू झालं. एवढंच. पण त्यानंतर तो खल हातात घेतला की तोंडाला कोरड पडायची.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. मामा वस्तीत पत्रकं छापायचा, मी ती शाळेच्या दाराशी वाटायची. मामाचं पत्रक प्रश्नाने सुरू व्हायचं. म्हणायचा, वाचणाऱ्याला उत्तर द्यायला लाव, नाहीतर तो कागदात चणे बांधेल. इतकी वर्षं मी लोकांना प्रश्न वाटले. स्वतःच्या लॅबमध्ये एकही विचारला नाही.

मग प्रज्ञा आली. भांडुपची. नवीन पीएचडीला. पहिल्याच दिवशी चिन्मयने हसत हसत तिचं पूर्ण नाव विचारलं. तिने सांगितलं. "अच्छा, अच्छा," म्हणत त्याने कपाट उघडलं आणि लाल पट्टीचा खल तिच्या हातात दिला.

"हा तुम्ही दोघी शेअर करा."

ती माझ्याकडे आली. "ताई, ही पट्टी कसली?"

माझ्या तोंडून जे निघणार होतं ते चिन्मयचं वाक्य होतं. तुझ्याच फायद्याचं आहे. ते ओठांपर्यंत आलं होतं. मी ते गिळलं आणि मला स्वतःचीच भीती वाटली.

पुढच्या मीटिंगला मी तो खल घेऊन गेले. टेबलावर ठेवला, चहाच्या कपांमध्ये.

"सर, ही पट्टी पदार्थाची आहे की माणसाची?"

"काय प्रश्न आहे हा? पदार्थाची."

"प्रज्ञाने अजून काहीच घोटलेलं नाही. मग तिला हा का दिला?"

"अगं, जो रिकामा होता तो दिला," चिन्मय म्हणाला.

"कपाटात अजून रिकामे होते. ती भांडुपला राहते. गोवंडीची धूळ तिच्याबरोबर कशी येईल?"

कुणी हसलं नाही. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आवाज तोच, खालचा.

"तुझा थीसिस सबमिट व्हायचाय. त्यावर माझी सही लागते. नीट विचार कर."

मी नखाने पट्टीचं टोक उकललं. त्याच नखाने. पट्टी जुनी झाली होती, तुकडे तुकडे होत निघाली. गोंदाचा चिकट पट्टा दगडावर राहिला. तुकडे मी सरांच्या समोर ठेवले. मग प्रज्ञाला घेऊन लॅबमध्ये गेले. आम्ही सगळे खल ॲसिडने धुतले. चिन्मयचा, माझा, सगळे. नवीन स्टिकर लावले, पदार्थांचे. माणसाचा एकही नाही.

सही अजून झालेली नाही. "मसुदा बघतोय," असा निरोप येतो. चिन्मय माझ्या वड्यांचे आलेख घेऊन परिषदेला जाऊन आला. मी रोज जाते. घोटते. प्रज्ञाही घोटते, जो खल त्या पदार्थाचा असेल त्यात. सही नाही झाली तर मी थीसिस दुसऱ्या मार्गदर्शकाकडे नेईन. तिथेही नाही झाली तर संस्थेच्या दारात उभी राहीन आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पत्रक देईन. हे पत्रक. पट्टी मात्र परत लागणार नाही. माझ्यादेखत नाही.

आता तुमचं काम. उद्या तुम्ही जिथे जाल, लॅबमध्ये, ऑफिसात, सोसायटीत, तिथलं कपाट उघडा. कुणासाठी तरी वेगळी ठेवलेली एक वस्तू सापडेल. खल असेल, ग्लास असेल, खुर्ची असेल. कारणही तयार असेल, हायजीन, शिस्त, फायदा. ते कारण ऐकून घ्या. मग सगळ्यांसमोर विचारा, ही खूण वस्तूची आहे की माणसाची? माणसाची निघाली तर पट्टी तिथल्या तिथे काढा. ज्याच्यासाठी लावली होती त्याला काढायला लावू नका. तुम्ही काढा.