दुसरी सही

बायको गेली तेव्हाही हे माझ्या पोटातच होतं. मुलाला माहीत नाही, डॉक्टरला नाही. देवासमोर बसतो, तेव्हासुद्धा या जागेवरून भरभर पुढे सरकतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

इथे कॅनडात, ब्रॉसार्ड गावी मी ज्या कंपनीत होतो ती तंबूत लावायचे हीटर बनवायची. दोन हजार सातच्या सुमारास एक मोठं काम आलं. युरोपातल्या दोन शेजारी देशांनी मिळून एक लष्करी तुकडी उभी केली होती. एकेकाळी एकमेकांच्या जिवावर उठलेले देश—आता त्यांचे सैनिक एका तंबूत झोपत. ती तुकडी बर्फातल्या सरावासाठी कॅनडात येणार होती. त्यांची एक रीत होती. कुठल्याही तपासणीवर दोन सह्या, दोन्ही देशांची एकेक. पहिल्याने बघितलं म्हणून दुसऱ्याने मान डोलवायची नाही; स्वतः बघायचं. आमच्या कंपनीतही दोघांनी तपासावं, असा त्यांचा आग्रह होता. पहिली सही संदीप गायकवाडची ठरली, दुसरी माझी.

संदीप नागपूरचा, माझ्याहून तीस वर्षांनी लहान. मला काका म्हणायचा. दर एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायचा. मी एकदाच गेलो. तिथूनही लवकर निघालो.

काम अवघड नव्हतं. कोल्ड रूममध्ये, उणे तीस अंशांत, हीटर ठेवायचा. तंबूत विषारी वायू साठला तर हीटरचा भोंगा वाजायला हवा. तो वाजतो का, हे आधी संदीप बघायचा. मग हीटर बारा तास गारठू द्यायचा, आणि मी आत जाऊन भोंगा पुन्हा तपासायचा.

मी आत जात नव्हतो.

का? आदल्या हिवाळ्यात मी आत असताना दार अडकलं होतं. वीस मिनिटं. पापण्या चिकटायला लागल्या, हाक मारायला तोंड उघडलं की दातांत कळ जायची. संदीपने बाहेरून लाथा मारमारून दार उघडलं, मला स्वतःच्या जॅकेटात गुंडाळलं. "काका, काका, बोला ना काहीतरी!"—आणि मला बोलता येईना. त्यानंतर त्या दाराच्या मुठीला हात लावला की मी मागे फिरायचो. चौसष्टाव्या वर्षी साहेबाला काय सांगायचं—भीती वाटते? मी काचेतून बघायचो. हीटर जागेवर दिसायचा. सही करायचो. चाळीस हीटर, चाळीस सह्या.

सरावात एका तंबूत दोन सैनिक बेशुद्ध सापडले. दोन्ही देशांचा एकेक. भोंगा वाजलाच नव्हता. एक जण आठवड्याभरात हिंडूफिरू लागला. दुसऱ्याला बुटाची नाडी बांधता येईना, असं कळलं. तेवीस वर्षांचा होता.

हीटरमध्ये तारेचा एक सांधा सुटलेला निघाला. गारठ्याने सुटला असणार—आणि ते कळायची वेळ एकच होती. माझी.

ते दिवस कसे गेले, सांगू? दार कुणी वाजवलं की वाटायचं, पोलीस. फोन वाजला की बेसमेंटमध्ये जाऊन उभा राहायचो. बायको म्हणायची, बीपी तपासून घ्या. चौकशीच्या खोलीत तीन माणसं होती. बारा तासांनंतर भोंगा वाजला होता का?—एवढंच विचारलं. वाजला, म्हणालो. तिथे थांबता आलं असतं. पण मी, कुणी विचारलेलं नसताना, पुढे म्हणालो, "नंतर पॅकिंग गायकवाडने केलं. तेव्हा तार ओढली गेली असेल."

हे वाक्य मी घरी आरशासमोर म्हणून बघितलं होतं.

त्याची नोकरी गेली. इथल्या मराठी मंडळात सगळ्यांनी माझं लगेच खरं मानलं. का मानलं? त्याचं आडनाव, माझं आडनाव—मला ठाऊक होतं. "पोरं घाई करतात हो," कुणीतरी म्हणालं. मी चहा पीत राहिलो.

शेवटच्या दिवशी तो पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. मला टाळता आलं नाही. हात न थांबवता म्हणाला, "काका, दार अडकलं होतं ते मी त्यांना सांगितलं नाही."

म्हणजे त्याला माहीत होतं. पहिल्यापासून. मी काचेबाहेर उभा राहतो, हे त्याने रोज पाहिलं होतं.

मी विचारलं, "विंटर टायर्स लावलेस ना?"

"लावलेत, काका."

पुढे तो देशाच्या दुसऱ्या टोकाला, सरे शहरात गेला, असं ऐकलं. मी आणखी एक वर्ष नोकरी केली. निरोपाच्या दिवशी केक कापला.

संदीप गायकवाडने चाळीसच्या चाळीस हीटर तपासले होते. मी एकही तपासला नाही.