पकड निवडणाऱ्यानं समोर उभं राहायचं

भिकाजीबाबांच्या दुकानात आम्ही दोन वर्षं काढली. आजही ओळखीच्या दोघी भेटल्या की तिथला एक किस्सा निघतो, आणि त्याला चिकटून दुसरा येतो. ऐकणाऱ्या हसतात. मीही हसते. पण तेव्हा मला हसू येत नव्हतं.

भिकाजीबाबा शेलूबाजारचे खरादी. पायानं चालवायच्या यंत्रावर लाकूड गरगर फिरवायचं आणि पटाशीनं कातून लाटणी, पोळपाट, बाजेचे खूर करायचे. आमचे हे त्यांच्याकडं नवीनच शिकायला लागले होते. मी लाटण्यांना तेल लावायची. आठ महिन्यांची शांती तिथंच झोळीत.

लाटणं दोन टोकांमध्ये बसतं, त्याची भीती नाही. पोळपाट मात्र एकाच बाजूनं धरावा लागतो. धरायची पकड चुकली तर तो सुटतो, आणि कुणाला लागेल ते सांगता येत नाही. म्हणून बाबांचा कायदा होता : ज्यानं पकड निवडली, त्यानं यंत्र पहिल्यांदा फिरेल तेव्हा त्याच्या समोर उभं राहायचं.

"मंग मानूस घाई नाही करत," ते म्हणायचे.

*

यांनी पहिल्यांदा लाकडी वाटीची पकड निवडली. तीत पोळपाट ठोकून बसवता येतो, स्क्रूची भोकं पडत नाहीत. हे छाती काढून समोर उभे राहिले, बाबांनी पाय मारला. तिसऱ्या फेऱ्याला पोळपाट सुटला, यांच्या कानाजवळून गेला आणि मागचा पाण्याचा रांजण फोडला.

बाबा जागचे हलले नाहीत. "कान हायेत का जाग्यावर?"

यांनी दोन्ही कान चाचपून पाहिले. "हायेत."

"मंग दुसरी पकड पाह्य."

*

त्या दिवशी मी झोळी रांजणाजवळून काढून दाराशी बांधली. दार यंत्राच्या सरळ रेषेत दिसलं, म्हणून खिडकीशी नेली. तिथंही मन मानेना. शेवटी काकूंच्या, म्हणजे बाबांच्या बायकोच्या, सैपाकघरात आढ्याला बांधली. काकू भाकरी थापत होत्या. त्यांनी एकदा झोळीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"अन् चुलीचं भेव नाही वाटत तुले?"

झोळी पुन्हा दाराशी आली.

*

पकड बाबांनी स्वतः निवडली तर तेही उभे राहायचे. साठीचा माणूस, डोळे घट्ट मिटून. मी एकदा विचारलं, तुम्हालाही भीती वाटते का?

"भेव कायचं? डोयात भुसा जाते."

भुसा उडायला तर अजून पटाशीच लावलेली नव्हती!

*

मग ठरलं की वाशीमहून लोखंडी पकड आणायची. शांतीला कडेवर घेऊन मीही मोटारीनं गेली. दुकानातल्या शेठजींनी चार लोखंडी जबड्यांनी लाकूड आवळणारा चक काढला आणि त्याची इतकी तारीफ केली की यांचे डोळे चमकायला लागले. धरलेलं लाकूड हत्तीनं ओढलं तरी सुटायचं नाही म्हणे.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "शेठजी, मंग आइतवारी या आमच्याकडं. समोर उभं राहायले."

आमचा कायदा त्यांना समजावून सांगितला. शेठजींनी चक हळूच खोक्यात परत ठेवला. "पोळपाटच करायचे ना तुम्हाले? मंग साधी तबकडी न्या."

तबकड्या दोन होत्या, भोकांतून स्क्रू मारून पोळपाट त्यांच्यावर बसवायचा. यांनी तीन भोकांची उचलली, पाय मारायला हलकी म्हणून. माझ्या तोंडून निघून गेलं, "सहा भोकांची घ्या."

तीच घेतली. मोटार निम्म्या वाटेवर आली तेव्हा बाबांनी विचारलं, "निवडली कोनं?"

*

आइतवारी सहा स्क्रू मारून पोळपाट बसवला. हे म्हणाले, तिचं लेकरू अंगावर पितं, तिच्या जागी मी राहतो उभा. बाबांनी नकारार्थी मान हलवली. काकूंनी शांतीला माझ्याकडून घेतलं. मी पदर खोचला आणि जाऊन उभी राहिली.

हे यंत्रावर गेले, पण पाय मारेनात. खाली उतरले, स्क्रू आवळले. पुन्हा गेले, पुन्हा उतरले. तिसऱ्यांदा सगळे स्क्रू काढून जास्त लांबीचे घातले. स्वतः उभं राहायचं तेव्हा या माणसानं पकड एकदाही तपासली नव्हती.

मग यांनी पाय काढूनच घेतला. "बाबा, तुमी चालवा," म्हणाले, आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मोठ्या माणसांसमोर इतकं जवळ आम्ही कधी उभे राहिलो नव्हतो.

"दोघंबी?" काकू म्हणाल्या. "अन् हे लेकरू कोनाचं?"

शांती रडायला लागली. बाबांनी आमच्याकडं पाहिलं आणि पाय मारला. पोळपाट घूं घूं करत फिरायला लागला. मी डोळे मिटून घेतले.

किती वेळ गेला, कळलं नाही. खांद्याला हात लागला तो काकूंचा.

"अवो, थांबलं यंत्र कवाचं. सरका आता दोघं."