साठ देवांत बाबांचा कोणता

परत आलो की लगेच बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. फॅमिली डॉक्टरपासून सर्जनपर्यंत सगळे म्हणाले, अगदी किरकोळ आहे. पण आईचा थोरला भाऊ अशाच एका किरकोळ ऑपरेशनच्या भुलीतून उठलाच नव्हता, त्यामुळे तिचं धाबं दणाणलेलं. मला ऑफिसच्या कामाने बीजिंगला जायचं होतं. दोघं लंडनला, पिनरच्या घरात एकमेकांचं डोकं खात बसतील म्हणून त्यांनाही बरोबर नेलं. हौस माझी, दुसरं काय!

तिथल्या एका जुन्या ताओ मंदिरात साठ देव ओळीने बसलेत. प्रत्येकाकडे एकेक जन्मसाल, साठ झाले की पुन्हा पहिल्यापासून. आपल्या सालाच्या देवाला हात जोडले की तो आपल्याला सांभाळतो म्हणे. माझ्या देवाच्या डोळ्यांच्या जागी चक्क दोन हात फुटले होते आणि डोळे तळव्यांवर. एवढ्या साठांत माझ्या नशिबी नेमका हाच! आई म्हणाली, तुझ्यावरच गेलाय.

मग तिने पर्समधून बाबांचा पासपोर्ट काढला, पाटीवरचं साल ताडून पाहिलं आणि बाबांना एका दाढीवाल्या देवासमोर उभं केलं. ती त्यांच्याहून वर्षाने लहान, म्हणून तिचा देव अगदी शेजारचा. तिचे हात जोडून झाले तरी बाबा आपले नुसतेच उभे. आई चिडली. निदान आज तरी नास्तिकपणा पुरे, म्हणाली. बाबा सरकले, आईच्या देवालाही ओलांडून पलीकडच्या देवासमोर थांबले.

"माझा हा," ते म्हणाले. "शाळेत लवकर घालायचं म्हणून मास्तरांनी वय दोन वर्षं वाढवून लावलं होतं."

त्यांची एक जूनची जन्मतारीख खोटी आहे हे आम्हाला ठाऊक होतं. शेजारच्या हॅरोतल्या त्यांच्या निम्म्या मित्रांचा वाढदिवस एक जूनलाच असतो. पण साल? लग्नाच्या वेळी सांगायचं राहून गेलं, म्हणाले. चाळीसहून जास्त वर्षं राहूनच गेलं होतं!

मी बोटांवर हिशोब केला. बाबा आईपेक्षा वर्षाने लहान! मी एवढ्या जोरात हसले की उदबत्त्या घेऊन आलेल्या एक बाई दचकून बाजूला झाल्या. आई मात्र हसली नाही. दर दसऱ्याला, दर पाडव्याला मोठे म्हणून याच माणसासमोर ती वाकत आली होती.

"या इकडे," ती म्हणाली. "पाया पडा माझ्या."

आणि बाबा, हर्नियाच्या पट्ट्यासकट, खरंच वाकायला लागले. आईने त्यांना अर्ध्यातच खांद्याला धरून थांबवलं, त्यांच्या टकलावर हात ठेवला.

"माझ्याहून लहान आहात ना," ती म्हणाली, "मग माझ्याआधी जायचं नाही."