हार्ड डिस्क आणि मलमलचं फडकं

निघायच्या दिवशी आई दह्याची वाटी हातात घेऊन उभी होती आणि मी सीपीयूच्या मागे डोकं घालून पालथा पडलो होतो. खाली टॅक्सीवाला हॉर्न मारत होता, गॅलरीत अख्खा मजला मला निरोप द्यायला जमला होता, आणि मी कुठली वायर कुठे लागते ते बाबांना सांगत होतो. बाबा शाळेतल्या पोरासारखे मांडी घालून वहीत लिहून घेत होते. एक, भिंतीवरचं बटण. दोन, यूपीएसचं बटण, शिटी वाजेपर्यंत थांबणे. तीन, डब्याचं बटण. सीपीयूला ते शेवटपर्यंत डबाच म्हणत राहिले.

"दही खा रे आधी, विमान काय तुझ्या त्या डब्यासाठी थांबणार आहे?" आई म्हणाली. तिने दही हातावर ठेवलं तेव्हा माझा हात धुळीने काळा होता. तसंच खाल्लं आणि एडमंटनला आलो. त्याला आता अकरा वर्षं झाली.

लालबागच्या आमच्या चाळीत मी कॉम्प्युटरवाला होतो. कुणाच्या मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचा असला की आधी माझ्याकडे, मग दुकानात. इथे येऊनही धंदा तोच राहिला, फुकटचा. फोन येतो, "अरे, आय फाइव्ह घेऊ की आय सेव्हन?" मी म्हणतो, "बाबा रे, तू त्यावर लाइट बिल भरणार आणि सिनेमे बघणार, आय थ्री घे आणि उरलेल्यात एसएसडी टाक." जुनी मशीन स्लो झाली म्हणून फेकू नका, आधी रॅम वाढवा. रस्त्यावरचा पेनड्राइव्ह घेऊ नका. डबा जमिनीवर ठेवू नका, फरशी पुसताना पाणी जातं. आणि हजारदा सांगितलेली गोष्ट म्हणजे, जे महत्त्वाचं आहे ते दोन ठिकाणी ठेवा. हे ज्ञान मी इतकं वाटलंय की आता ते आठवलं तरी थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आईला कॉम्प्युटरशी देणंघेणं नव्हतं. तिने फक्त त्याला कपडे शिवले. उशीच्या अभ्र्यांतून उरलेल्या कापडाचे, झालर लावलेले, मॉनिटरला एक, कीबोर्डला एक, डब्याला एक. मी ओरडायचो, "आई, गरम होतं गं ते, काढ." ती म्हणायची, "उघडं बरं दिसत नाही." या वादात मी कधी जिंकलो नाही.

दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. माझी सकाळ, त्यांची रात्र. समोर बाबा, अर्धे. कॅमेरा कितीही नीट करून दिला तरी मला त्यांच्या कपाळापासून पंख्यापर्यंतचाच भाग दिसे. आई कॅमेऱ्यासमोर यायची नाही. "माझं काय बघायचंय त्यात," म्हणून ती आत स्वयंपाकघरात राही आणि तिथून सगळं ऐके. मधेच कुकरची शिट्टी, बांगड्या, आणि मग मालवणीत हाक, "अहो, तेका इचारा, जेवलो काय?" बाबा माझ्याकडे वळून तेच परत सांगायचे, जसं काही मला ऐकूच आलं नव्हतं. "आवस इचारता, जेवलंस काय?" आवस म्हणजे आई. माझे इकडे सकाळचे साडेआठ. मी तोंडही धुतलेलं नसायचं. घड्याळाचा हिशेब तिला मी शंभर वेळा समजावला होता. ती म्हणायची, "असू दे, माणूस कधीही जेवू शकतो." मग मी म्हणायचो, जेवलो म्हणून सांगा.

डब्यात कॉलचं ते सॉफ्टवेअर घालून दिलं तेव्हा त्यात प्रत्येक कॉल आपोआप साठवण्याची सोय होती. मी टिचकी मारली आणि विसरूनही गेलो. आई गेली तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. त्याबद्दल मी लिहिणार नाही, बाहेर राहणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे आणि मागे राहणाऱ्यांनाही. तेरा दिवस झाले, मी परत आलो. दोनेक महिन्यांनी बाबा फोनवर म्हणाले, "अरे, तुझ्या डब्यात तुझी आई आहे." मला वाटलं, एकटेपणाने म्हातारा भरकटला. पण त्यांना ते फोल्डर सापडलं होतं. आठ-नऊ वर्षांचे रविवार, एकेक करून, सगळे तिथे पडलेले होते.

तेव्हापासून त्यांची दुपार मार्गी लागली. जेवून, भांडी घासून, तीन वाजता ते डबा लावत. मी आधी विचारलं, "बाबा, ती त्यात दिसते कुठे?" ते म्हणाले, "दिसायला कशाला पाहिजे? चाळीस वर्षं ती आतूनच बोलत होती." माझ्या लग्नाच्या सीडीत आई दिसते, पण वर सगळीकडे गाणी चिकटवलेली, ओठ हलतात आणि आवाज बँडचा. मोबाइलला तिने हात लावला नाही. तिचा आवाज म्हणून जो काही होता तो त्या एका डिस्कवर होता. माझ्याकडे एडमंटनमध्ये एक सेकंदसुद्धा नव्हता.

मला हे कळत होतं हो. न कळायला मी काय अडाणी आहे? त्याच वर्षी मी बाहेरची एक नवी डिस्क घेऊन गेलो, म्हटलं सगळं कॉपी करून ठेवतो. मग नातेवाईक, बँक, दाखले, यातच तीन आठवडे संपले. निघताना डिस्क बाबांच्या हातात दिली आणि म्हणालो, "पुढच्या वेळी आलो की करतो. नीट जपून ठेवा." त्यांनी ती जपून ठेवली. कपाटात, आईच्या पैठणीच्या घडीत, पाकीटसुद्धा न फोडता. दसऱ्याला बाहेर काढून तिच्यावर हळदकुंकू वाहिलं आणि परत आत ठेवली.

गेल्या वर्षी नवरात्रात त्यांचा फोन आला. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होतो, मीटिंगला उशीर झालेला. "डबा टकटक करतो रे. आणि आईचं मधेच अडकतं." आता खरं सांगायचं तर टकटक म्हणजे काय हे मला माहीत आहे. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी म्हणालो असतो, आत्ताच्या आत्ता बंद कर, हात लावू नकोस, डिस्क चाललीय. पण घरच्या माणसाचं आपण नीट ऐकत नाही. मला वाटलं पंखा असेल. मी म्हणालो, "धूळ गेली असेल आत. उघडून साफ करा." एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला.

आता हे कुणाला सांगितलं ते बघा. माझे बाबा गिरणीत साचेखात्यात जॉबर होते. साचा म्हणजे माग. तीस वर्षं त्यांचं काम काय, तर बिघडलेला साचा उघडायचा, सांदीसांदीतले कापसाचे तंतू काढायचे, पुसायचा, आसाला तेल द्यायचं, परत जोडायचा. दसऱ्याच्या आधी तर प्रत्येक साचा असा घासूनपुसून ठेवायचे की आम्ही पोरं गिरणी बघायला जायचो तेव्हा झेंडूच्या माळेतलं लोखंड चमकायचं. "मशीन साफ ठेव, ती तुला दगा देणार नाही," हे त्यांचं एकच तत्त्वज्ञान. अशा माणसाला मी सांगितलं, उघडून साफ करा.

रविवारी मोबाइलवरून कॉल आला. बाबा खुशीत होते. म्हणाले, डबा उघडला, पंखा साफ केला, पण टकटक पंख्याची नव्हतीच, ती त्या चपट्या पेटीतून येत होती. तिचे स्क्रू सहा टोकांचे. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून पाना आणला. वर एक स्टिकर आडवा येत होता, तो न फाडता सोलून वहीत चिकटवून ठेवला. "आणि आत काय सुंदर काम रे! आरशासारखी तबकडी! म्हटलं याला साधं फडकं चालणार नाही. तुझ्या आईचं मलमलचं फडकं होतं, दूध गाळायचं, ते धुऊन, वाळवून, त्याने पुसलं. मधल्या आसाला शिवणयंत्राचं तेल, एकच थेंब."

मला वाटतं मी खुर्चीवर बसलो. ते म्हणाले, "पण अजून लागत नाही. काहीतरी राहिलं असेल माझं. तू सांग आता."

डिसेंबरात गेलो. लॅमिंग्टन रोडला वरच्या माळ्यावर डिस्कमधला मजकूर काढून देणारा एक जण आहे, त्याच्याकडे आम्ही दोघं गेलो. बाबांनी डिस्क पैठणीतल्या त्या नव्या डिस्कसोबत एकाच पिशवीत आणली होती. म्हणाले, "यातून काढून त्यात भरा." दुकानदार माणूस चांगला होता. त्याने झाकण उचललं, डिस्क दिव्याखाली धरली आणि वाकून बघितली.

"काका, हे पुसलं कुणी?"

"मीच. बघा, एक तंतू सापडायचा नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. बोटाचा ठसा उमटला तरी संपतं तिथे, हे त्याला माहीत आणि मला माहीत. तो म्हणाला, "नाही काका, सापडणार नाही," आणि झाकण हळूच परत लावलं. जिन्यात मला बाजूला घेऊन म्हणाला, "कुठेही नेऊ नका, लोक उगाच आशा लावतील."

परतताना टॅक्सीत बाबा भायखळ्यापर्यंत पिशवी मांडीवर धरून बसले होते. मग म्हणाले, "मला एक सांग. तू सांगितलंस तसंच केलं ना मी?"

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी तो डोक्यावर घेतला असता. कारागीर आपलं काम तपासून घेतो तसं ते विचारत होते. कुठला स्क्रू राहिला का, कुठली पायरी चुकली का.

मी म्हणालो, "हो बाबा. अगदी तसंच केलंत. चूक माझी."

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. 'चूक माझी' हे त्यांना ऐकू आलं की नाही, मला अजून माहीत नाही. परत म्हणायची हिंमत झाली नाही.

मी त्यांना म्हटलं, चला माझ्याबरोबर. म्हणाले, त्या बर्फात मी काय करू. मी म्हटलं, मग मीच येतो परत. म्हणाले, तुझी मुलं तिथे मोठी झालीत, त्यांना इथे आणून काय करशील. दोन्ही बाजूंनी त्यांचं बरोबर होतं आणि माझ्याकडे तिसरं काही नव्हतं. निघताना त्यांनी माझ्या हातावर दही ठेवलं, पहिल्यांदाच, साखर विसरले.

लोक अजून फोन करतात. कुठली डिस्क चांगली, किती टीबी घेऊ. मी सांगतो. दोन ठिकाणी ठेवा, हे सांगताना आवाज बारीक होतो. तुमच्यातले जे माझ्यासारखे लांब आहेत त्यांना कळेल, आपण इथून सगळं दुरुस्त करायला बसतो, आपल्या स्क्रीनवर त्यांची स्क्रीन घेऊन, आणि घरात एक माणूस हातात पाना घेऊन आपण काय सांगू ते शब्द न शब्द करायला तयार बसलेला असतो.

डबा आता बंद आहे, झालरीचं कव्हर घालून. परवाचा कॉल नेहमीसारखा झाला. कपाळ आणि पंखा. पाणी आलं नाही, वरच्या मजल्यावरच्या काकूंचा गुडघा, असं सगळं बोलून झालं. कॉल बंद करायच्या आधी बाबा थांबले. मान वळवून त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. तिथे दिवा नव्हता. क्षणभर कान देऊन ऐकल्यासारखं केलं आणि माझ्याकडे वळले.

"आवस इचारता, जेवलंस काय?"

त्यांना भ्रम झालेला नाही. ते शुद्धीत आहेत, सगळं समजून विचारत होते. अकरा वर्षांत मी घर कुठे आहे म्हणून पुष्कळ शोधलं, लालबागला म्हणावं तर तिथे मी पाहुणा, इथे म्हणावं तर इथे मी भाडेकरू. आता हा प्रश्न तेवढा उरलाय, आणि तो विचारणारा माणूस शहात्तर वर्षांचा आहे. याची कॉपी कुठे ठेवायची ते मला कळत नाही.

सकाळचे साडेआठ वाजले होते. मी तोंडही धुतलं नव्हतं.

"जेवलो," मी म्हणालो. "सांगा तिला."

बाबांनी मान वळवली आणि अंधाऱ्या स्वयंपाकघरात जाईल एवढ्या मोठ्या आवाजात सांगितलं, "जेवलो गो तो."