नक्की अर्थाचं नाव

माझ्या सासऱ्यांसारखा सरळ गोष्ट अवघड करून ठेवणारा माणूस अख्ख्या निजामाच्या राज्यात दुसरा नसेल. मामंजी जालन्याला मिशनच्या शाळेत मास्तर होते. तिथल्या एका पाद्रीसाहेबांनी त्यांना हिब्रू शिकवली, जाताना एक जाडजूड कोशही दिला. साहेब बोटीत बसून सुटले, अडकलो आम्ही! वस्तीतल्या पोरांची नावं मास्तरच सुचवत; पण पवित्र शास्त्रातल्या नावाचा मूळ अर्थ कळल्याशिवाय ते पोराला द्यायचं नाही, असा मामंजींचा पण होता, आणि अर्थ काही केल्या नक्की होत नसे. मिर्याम म्हणजे कडू, बंडखोर की लाडकी? मोशे हे नाव हिब्रू की मिसर देशातलं? आईबाप बाळ घेऊन ओसरीवर ताटकळत, आणि हे कोशात डोकं खुपसून म्हणत, "थांबा, बघून राह्यलो." नाव बाप्तिस्म्यालाच द्यायचं, त्यामुळे वस्तीतली निम्मी पोरं बाप्तिस्म्याआधीच रांगायला लागली. एका बाईला मुलीचं नाव लेआ ठेवायचं होतं. मामंजी म्हणाले, "लेआ म्हंजे थकलेली. न्हाईतर गाय. नक्की न्हाई." बाई कडाडली, "गाय तर गाय मास्तर, पण आज ठेवा! घरी भाकरी थापायच्यात मला."

लग्नात तर त्यांना न्यायची सोयच नव्हती. एकदा पंगतीत मुलीच्या बापाशेजारी बसून त्यांनी अगदी प्रेमानं सांगितलं की, नवरदेवाचं नाव याकोब, म्हणजे ठकवणारा. वरण वाढेपर्यंत लग्न मोडायची पाळी आली. अंबडच्या वाटेवर टांगेवाल्या इब्राहीमभाईंनाही त्यांनी सोडलं नाही. "इब्राहीम म्हंजे पुष्कळांचा बाप. पण तेबी नक्की न्हाई." इब्राहीमभाईंनी घोडाच थांबवला. "मास्तर, घर भरके बच्चे हैं मेरे, अब भी नक्की नहीं?"

हसायचे दिवस होते ते. मग माझा पहिला मुलगा दिवस भरायच्या आधीच झाला. मुठीएवढा जीव, रडायचंही बळ नाही. सुईण म्हणाली, बाप्तिस्मा उरकून घ्या. मी हात जोडले, "मामंजी, कोणतंही नाव द्या, पण येत्या रविवारी होऊ द्या."

"कोणतंही कसं देऊ?" ते कळवळून म्हणाले. "हाबेल म्हंजे नुसती फुंकर. असलं नाव दिलं अन् पोरगं गेलं मंग? याला धरून ठेवील असं नाव पाहिजे, बाई."

जेवण सोडून ते कोश चाळत बसले. शनिवारी दुपारी माझ्या मांडीवरच बाळ गेलं. मला इतका राग आला की तो कोश चुलीत घालावासा वाटला. "सापडलं का नाव?" मी ओरडले. त्यांनी कोश मिटून ठेवला.

सुतारानं थडग्यासाठी क्रूस केला आणि विचारलं, नाव काय घालू? सगळे मामंजींकडे बघायला लागले. ते म्हणाले, "सोन्या." मी त्याला तीच हाक मारत होते.

नवे पाद्री हळूच म्हणाले, "मास्तर, हे शास्त्रातलं नाही."

"नसू द्या. एवढ्या एकाच नावाचा अर्थ मला नक्की ठाऊक हाय."

त्यांच्यावरचा माझा राग पुरता गेला असं म्हणणार नाही. पण त्यानंतर कुणी बाळ घेऊन ओसरीवर आलं, तर मामंजी कोश उघडत नसत. आईकडे बघून विचारत, "बाई, तू याला घरी काय हाक मारती?"